डोंगराआडचा सिंहगड

मुळशीकडच्या गावांत टीव्हीचं चित्र कसं आहे हे विचारायची एक ठरलेली पद्धत होती. "आज मुंग्या किती?" चित्र स्वच्छ असेल अशी अपेक्षाच नसायची. मुंग्या कमी असल्या तर माणसांची तोंडं ओळखू यायची, जास्त असल्या तर नुसता आवाज ऐकायचा, आणि वाऱ्याच्या दिवशी पडदाभर वारूळ. हे काही दूर कोपऱ्यातल्या आदिवासी पाड्याचं वर्णन नाही. पुण्यापासून ३०-४० किलोमीटरवरच्या गावांची ही गोष्ट आहे. कोथरूडमध्ये खिडकीला काडी बांधली तरी चित्र येई आणि आमच्याकडे २० फुटी पाईप उभा करूनही येत नसे. पुण्याचे पाहुणे म्हणायचे, "तुमचा अँटेना नीट नाही." ते वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय, की त्याचा नीट विचार करावा असं वाटलं.

आधी भूगोल. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी मुंबईचे कार्यक्रम पुण्यालाही दिसू लागले, ते सिंहगडावर उभारलेल्या ट्रान्समीटरमुळे. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,३०० मीटर. तिथून पुणे शहर तळहातासारखं दिसतं, म्हणून शहराला चित्रही तसंच मिळालं. टीव्हीच्या लहरी साधारण उजेडासारख्या सरळ जातात. सिंहगडावर रात्री मोठा दिवा लावला आणि तो तुमच्या छपरावरून दिसला, तर चित्र येणार. दिवा दिसला नाही, तर भरवसा नाही.

पौडहून सिंहगड सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आत आहे. अंतर काहीच नाही. पण पौड, माले, मुळशी ही सगळी मुळा नदीच्या खोऱ्यातली गावं, आणि सिंहगड मुठेच्या खोऱ्यापलीकडे. दोन नद्यांच्या मधे डोंगराची धार आडवी पडली आहे. त्या धारेची सावली आमच्या गावांवर पडते. उन्हाची सावली दिवसभरात सरकते तरी, ही मात्र कायमची. पुढे दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला 'सह्याद्री' असं नाव दिलं, तेव्हा आमच्याकडे हसायला एक कारण मिळालं. सह्याद्रीला सह्याद्रीच आडवा येत होता.

याच डोंगरांतून रेडिओ मात्र बिनबोभाट येई. त्याचं कारण लहरीच्या लांबीत आहे. पुणे आकाशवाणीची मिडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे एका लहरीची लांबी ३७८ मीटरच्या आसपास. एवढी लांब लहर डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरते. टीव्हीची लहर फार आखूड. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर जेमतेम दीड मीटर लांब असते. ती डोंगराच्या माथ्यावरून थोडीशी वाकते, पण खाली दरीत पोचेपर्यंत तिच्यात दम राहत नाही. म्हणूनच डोंगराच्या अगदी पायथ्याशी असलेल्या घरापेक्षा जरा लांब, मोकळ्या शेतातल्या घराला चित्र बरं येई. लोकांना याचं नवल वाटायचं, कारण पायथ्याचं घर सिंहगडाला जवळ होतं.

आमचं घर पायथ्याचंच. गावगाड्यातलं मुलाण्याचं घर, गावात मुसलमानांचं एकटंच. १९८४ साली अब्बांनी २० इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. तेव्हा टीव्हीला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि त्याचे वर्षाचे पैसे भरावे लागत. परवान्याचं पुस्तक अब्बांनी जपून पेटीत ठेवलं होतं. दादी म्हणायची, "मुंग्यांसाठी पैसे भरणारा तूच पहिला." परवान्याची ती पद्धत १९८५मध्ये बंद झाली, मुंग्या राहिल्या.

छपरावरचा माशाच्या काट्यासारखा अँटेना सगळ्यांनी पाहिलाय, पण त्यातली कुठली काडी काय करते हे फार कमी जणांना ठाऊक असतं. त्याचं नाव यागी-उदा. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली तो जगापुढे आणला. त्यात खरी कामाची काडी एकच, जिला वायर जोडलेली असते ती. तिची लांबी लहरीच्या निम्मी. तिच्या मागची काडी जराशी लांब असते. ती आरशासारखं काम करते आणि मागून येणारं अडवते. पुढच्या आखूड काड्या लहरीला वाट दाखवत कामाच्या काडीकडे आणतात. म्हणजे हा अँटेना एकाच दिशेला कान देतो. ही त्याची ताकद, आणि डोंगरात हीच अडचण. मोकळ्या मैदानात चार बोटं इकडेतिकडे झाला तरी चालतं. दरीत लहर कुठून येतेय हेच माहीत नसतं, मग तोंड कुठे करायचं?

आमच्याकडे मग जे घरोघरी चालायचं तेच चाललं. अब्बा कौलांवर, मी अंगणात, अम्मी टीव्हीपुढे.

"आलं का?"

"आलं, आलं... गेलं!"

"आता?"

"अभी था, फिर गया. हात मत निकालो उसपर से!"

अब्बांनी पाईप धरला की चित्र यायचं आणि सोडला की जायचं. माणसाचं अंगही विजेच्या लहरींच्या हिशेबात एक काडीच असतं, त्यामुळे यात जादू काही नाही. पण अब्बांनी रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळी कौलांवर बसावं हा काही उपाय होत नव्हता. मग पाईपची उंची वाढवली. अॅल्युमिनियमची झाकणं बांधून पाहिली. चपटी वायर लोखंडी पाईपला बांधून खाली आणली होती, ती सोडवून लांबून आणली. ती वायर लोखंडाला चिकटली किंवा पावसात भिजली की अर्धं चित्र तिथेच गळतं. एवढं केल्यावर थोडा फरक पडला. मग बाजारातून बूस्टर आणून टीव्हीच्या मागे लावला. पडद्यावर मुंग्या होत्या तेवढ्याच राहिल्या, फक्त ठळक झाल्या. बूस्टर जे मिळेल ते मोठं करतो. चित्र आणि कचरा यांतला फरक त्याला कळत नाही. शिवाय लांब वायरीतून येता येता चित्र आधीच क्षीण झालेलं असतं. बूस्टर लावायचाच तर वर, अँटेनाच्या बुडाशी लावायला हवा.

हे सगळं आम्हाला चाचांनी समजावलं. चाचांनी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला होता. सुट्टीला आले तेव्हा आल्या आल्या ते कौलांवर चढले नाहीत. आधी टीव्हीपुढे बसले. बातम्या चालू होत्या आणि निवेदिकेच्या उजव्या खांद्याला लागून तिचंच एक पुसट भूत दिसत होतं. चाचांनी माझ्या कंपासपेटीतली पट्टी मागितली आणि पडद्यावर ठेवली. निवेदिका आणि तिचं भूत यांच्यात ४ सेंटिमीटर.

त्यांनी तो हिशेब पाटीवर मांडला. पडद्यावरची एक ओळ डावीकडून उजवीकडे काढायला टीव्हीला ५२ मायक्रोसेकंद लागतात. २० इंची पडद्याची रुंदी साधारण ४० सेंटिमीटर. म्हणजे एका मायक्रोसेकंदाला पाऊण सेंटिमीटर. तेवढ्याच वेळात लहर ३०० मीटर जाते. ४ सेंटिमीटरचं भूत म्हणजे ५ मायक्रोसेकंद उशीर, म्हणजे दीड किलोमीटर जास्तीची वाट. "एक चित्र सरळ आ रहा है," चाचा म्हणाले, "और दुसरा पीछे के डोंगर को लगके वापस." घरामागचा डोंगर पाऊण किलोमीटरवर होताच. जायला पाऊण, यायला पाऊण. मी सातवीत होतो. गणिताचा एवढा उपयोग असतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचा आणि अब्बा अँटेना आणि बॅटरीवरचा एक छोटा टीव्ही घेऊन शेतांतून हिंडले. बांधावर उभं राहायचं, अँटेना आग्नेयेकडे करायचा, पडदा पाहायचा, पुढे जायचं. समोरच्या धारेत एक खिंड आहे. त्या खिंडीच्या रेषेत घरापासून दीडशे फुटांवर एक टेकाड लागलं आणि तिथे पहिल्यांदा स्वच्छ चित्र आलं. भूतही विरलं, कारण समोरून येणारी लहर इतकी चांगली होती की मागची तिच्यापुढे फिकी पडली. तिथे उभ्या असलेल्या लोकांनी त्या छोट्या पडद्यावर कुणाचं तरी शेतीविषयक भाषण टाळ्या वाजवून पाहिलं.

टेकाड आमचं नव्हतं. शेजारच्या आबांच्या बांधावर होतं. अब्बा विचारायला गेले तेव्हा आबांनी एकच अट घातली, की एक वायर त्यांच्या घरी जावी. तशी ती गेली. मग वरच्या आळीतून दोघे आले, नंतर मास्तर आले. एक वायर पाच घरांत वाटली की प्रत्येकाला पाचवा हिस्साच मिळतो, म्हणून बूस्टर वर पाईपवर चढवला. त्याची वीज त्याच गोल वायरीतून वर जाई. बांध आबांचा, पाईप आमचा, बूस्टर आळीचा, वीज मास्तरांच्या मीटरवर. वानरांनी काडी वाकवली किंवा वाऱ्याने ताणाची तार तुटली की पाचही घरांतून माणसं निघायची. १९८७मध्ये रामायण आलं, मग महाभारत. महाभारताचे संवाद राही मासूम रझांनी लिहिलेत हे आबांना मास्तरांनी सांगितलं, तेव्हा आबा अब्बांना म्हणाले, "मुलाणी, पाईप तुमचा आणि बोलणंही तुमचंच म्हणा की." डिसेंबर १९९२मध्ये त्याच एका पाईपवरून पाचही घरांत एकाच बातम्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले, ताणाच्या तारा ओढून पाहिल्या, ओट्यावर चहा घेतला आणि गेले. बातम्यांबद्दल कुणी काही बोललं नाही. अम्मीला ती सकाळ अजून आठवते.

आमच्या घरी त्या अँटेनाचं खरं काम वर्षातून एकदाच पडायचं, ते म्हणजे २९व्या रोज्याच्या संध्याकाळी. ईदचा चांद सूर्य मावळल्यावर पश्चिमेला अगदी खाली, थोडाच वेळ दिसतो. कोकणात समुद्रकाठी क्षितिज मोकळं असतं. आमच्या पश्चिमेला ताम्हिणीकडचे डोंगर. चांद क्षितिजावर येतो तेव्हा आमच्यासाठी तो आधीच डोंगराआड गेलेला असतो. त्यात १९८४ला ईद जुलैच्या सुरुवातीला होती आणि १९८५ला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. मुळशीच्या पावसात चांदच काय, समोरचा डोंगर दिसत नाही. म्हणजे आम्हाला चित्रही डोंगर दाखवत नव्हता आणि चांदही. दोन्हीसाठी कुणावर तरी विसंबावं लागायचं.

रेडिओवरची चांदची खबर साक्ष म्हणून धरायची की नाही, यावर आपल्याकडच्या उलेमांत बराच काळ चर्चा झाली. साक्ष देणारा माणूस समोर हवा, तो भरवशाचा हवा, हा जुना नियम. दादा त्याबद्दल फार बोलायचे नाहीत. ते म्हणायचे, खबर देणारा कोण आणि तो कुणाच्या वतीने बोलतोय हे कळलं पाहिजे. म्हणून ते बातम्यांत चांद समितीचं नाव येईपर्यंत थांबायचे. नाव मुंग्यांत बुडालं तर दादीला शेवया भिजवू द्यायचे नाहीत. टेकाडावरचा अँटेना लागल्यानंतरच्या पहिल्या रमजानला ते नाव स्पष्ट ऐकू आलं आणि खाली निवेदिकेचे ओठही हलताना दिसले. दादा उठले, म्हणाले, "अब ठीक है." अँटेनाला त्यांनी दिलेलं ते प्रमाणपत्र.

डोंगराला नुसता दोष देण्यातही अर्थ नाही. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या. त्या तबकड्या अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकतात. माणसांच्या टीव्ही-रेडिओचा गोंगाट तिथे कमीत कमी पोचायला हवा, आणि जागा निवडताना भोवतालचे डोंगर आडोसा म्हणून उपयोगी पडले. जी सावली आमचं चित्र खात होती, तशीच सावली तिथे शास्त्रज्ञांना हवी होती. त्यामुळे प्रश्न डोंगर चांगला की वाईट असा नाही. तुम्हाला काय ऐकायचंय आणि ते कोणत्या वाटेने येतंय, एवढाच आहे.

पुढे डीटीएचच्या छत्र्या आल्या. एकेक घर टेकाडावरच्या वायरीतून बाहेर पडलं. भांडण झालं नाही, गरज संपली. मुलं शहरात गेली, दर महिन्याचं रिचार्ज तिथून मोबाइलवर होऊ लागलं. शेवटी टेकाडावरून एकच वायर उरली, अम्मीची. तिला रिचार्ज हा प्रकार मान्य नव्हता. बातम्या ऐकायला दर महिन्याला पैसे कशाला, हे तिचं म्हणणं. मला ते चुकीचं वाटत नाही.

दरम्यान देशात अॅनालॉग ट्रान्समीटर बंद करणं चालू झालं. एकेकाळी दूरदर्शनचे चौदाशेच्या आसपास ट्रान्समीटर होते. २०२२पर्यंत सीमेलगतच्या आणि बेटांवरच्या मोजक्या जागा सोडल्या तर बहुतेक बंद झाले. अँटेनावर मिळणारं डिजिटल प्रक्षेपण २०१६मध्ये सुरू झालं ते १६ शहरांत. ही बातमी पेपरात आली होती, पण अम्मीच्या घरी पेपर येत नाही. एक दिवस पडद्यावर फक्त मुंग्या उरल्या. तिला वाटलं वाऱ्याने अँटेना फिरला. आबांच्या नातवाला तिने टेकाडावर पाठवलं. तो फिरवतोय, ती दारातून ओरडतेय, "नाही आलं. अजून जरा." तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी तिने वायर बदलायला सांगितली. मी शनिवारी गेलो तेव्हा नवी वायर आणून ठेवलेली होती.

ही गोष्ट मी अनेकांना सांगितली, लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. चाळीस वर्षं आम्हाला एकच सांगितलं गेलं, की तुमचा अँटेना नीट नाही. उंच करा, फिरवा, वायर बदला. आम्ही ते केलं, आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. त्यामुळे समोरून बोलणाराच गप्प झाला असेल, ही शक्यता अम्मीच्या मनातही आली नाही. ऐकणाऱ्याने करायच्या गोष्टींना एक हद्द असते. त्या हद्दीपलीकडचं काम बोलणाऱ्याचं असतं. डोंगरातल्या माणसाला ही हद्द कुठे आहे ते कुणी सांगत नाही, म्हणून तो पाईप फिरवत राहतो.

मुळशीला हे नवीन नाही. इथल्या पाण्यावर वीज करायची म्हणून धरण आलं. १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी जमिनी गेल्या. पाणी बोगद्यातून खाली कोकणात भिऱ्याला उतरलं आणि वीज मुंबईला गेली. डोंगरापलीकडे द्यायचं असतं तेव्हा डोंगराला बोगदा पडतो.

अम्मीकडे शेवटी डीडी फ्री डिशची छत्री लावली. ही सेवा २००४च्या डिसेंबरात सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं काही नाही. तिचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर. लावायच्या आधी मी दिशा काढली. मुळशीतून तो १३१ अंशांवर येतो, म्हणजे आग्नेयेला. पौडहून सिंहगड आहे जवळपास त्याच दिशेला. म्हणजे चाळीस वर्षं जिकडे तोंड केलं तिकडेच करायचं, फक्त मान क्षितिजापासून ५८ अंश वर उचलायची. एवढ्या उंचीवर आमचा कुठलाच डोंगर येत नाही. सिंहगडाला २५ किलोमीटरवरून जे जमलं नाही ते इतक्या लांबून जमतं, कारण मधे काही नाही. किब्ला आमच्याकडून पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे झुकलेला. अम्मी नमाजाला उभी राहिली की छत्री बरोबर तिच्या पाठीशी येते. "चांगलं झालं," ती म्हणाली.

पण या वाटेलाही एक खोट आहे आणि ती मुळशीत नेमकी नडते. या छत्रीची लहर अडीच-तीन सेंटिमीटरची. मुसळधार पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. सिंहगडाच्या लांब लहरीला पावसाचं फारसं काही वाटत नसे. मुंग्या यायच्या पण आवाज टिकायचा. डिजिटलला मुंग्या नाहीत. चित्र असतं तोवर लख्ख असतं, नाही तर पडदा काळा. म्हणजे ज्या रात्री सगळ्यात जास्त पाऊस, त्या रात्री अम्मीचा टीव्ही बंद. आणि डोंगरातल्या माणसाला बातमी हवी असते ती त्याच रात्री. ३० जुलै २०१४ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि ती खबर बाहेर पोचवली ती एका एसटी चालकाने, गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. तेव्हापासून पावसाळ्यात अम्मी एकटी असली की मला झोप लागत नाही.

म्हणून तिच्याकडे ६० सेंटिमीटरच्या ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री लावली. तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्याने मध्यम पावसात चित्र टिकतं. ढगफुटीत तीही हरते. तेव्हासाठी फडताळात सेलवर चालणारा रेडिओ आहे, मिडियम वेव्हवाला, कारण त्या लांब लहरीला पाऊसही अडवत नाही आणि डोंगरही. वीज गेली, मोबाइलचा टॉवर गेला, तरी तो बोलू शकतो. मात्र पलीकडून कुणीतरी बोलत राहायला हवं. हे सार्वजनिक प्रसारणाचं काम आहे आणि शेवटच्या दरीत पोचायला एकाच वाटेवर विसंबून चालणार नाही. शहरात पाच वाटा असतात, एक बंद पडली तर कळतही नाही. दरीत एकच असते.

तुमचंही कुणी म्हातारं माणूस असं डोंगरात राहत असेल, तर मृगाच्या आधी एक फेरी मारा. छत्रीचे बोल्ट आवळा. ती पत्र्याला न बांधता भिंतीत घट्ट बसवा, वाऱ्याने बोटभर हलली तरी उपग्रह सुटतो. आग्नेयेकडचा आंबा किंवा साग वर्षभरात वाढला असेल तर फांदी छाटा, ओल्या पानांतून ही लहर जात नाही. वायर छत्रीला जिथे जोडली आहे तिथे रबरी टेप गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल. विजा चमकू लागल्या की प्लग काढायला शिकवा. रेडिओचे सेल बदला, आणि बदलल्यावर स्टेशन लावून पाहा, आवाज येतोय ना. आणि त्यांना एक गोष्ट समजावून सांगा. चित्र गेलं की लगेच छपरावर चढू नका, आधी शेजारी विचारा. शेजाऱ्यांकडेही नसेल, तर बिघाड तुमच्याकडे नाही.